जुन्या बेस गिटारचे मूळ गाव

जुनी बेस गिटार हातात आली की बहुतेकांची नजर आधी तिच्या डोक्याकडे जाते. तिथे एखादे परदेशी वाटणारे नाव सोनेरी अक्षरांत दिसले की किमतीचा अंदाजही लगेच सुरू होतो. आपल्याकडे नेमकी इथेच चूक होते. १९६० ते १९८५ या काळात हिंदुस्थानात वाजलेल्या बेस गिटारींच्या बाबतीत डोक्यावरचे नाव हा सगळ्यांत कच्चा पुरावा असतो. नाव एका देशाचे, लाकूड दुसऱ्या प्रांताचे, चुंबके तिसऱ्याच कुठल्या यंत्रातून काढलेली, असा प्रकार सर्रास चाले. त्यामागे फसवणुकीपेक्षा सरकारी आयात धोरण आणि कारागिरांची जिद्द यांचा हात मोठा होता.

समजा, हैदराबादच्या अंबरपेठेत एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर अशी गिटार निघाली. ती तिथवर कुठून आली असेल? मुसी नदीच्या उत्तर काठावरची ही वस्ती. पश्चिमेला काचीगुडा, उत्तरेला उस्मानिया विद्यापीठ. काचीगुड्याचे स्टेशन १९१६चे. तिथून मराठवाड्यातून मनमाडला जाणारी मीटरगेजची गाडी सुटे. परभणी, जालना, औरंगाबादची माणसे याच रुळांवरून निजामाच्या राजधानीत शिकायला, नोकरीला, कोर्टकचेरीला आली. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे काचीगुडा आणि अंबरपेठेच्या बाजूची मराठी घरे काही काल-परवाची नाहीत. मनमाडला गाडी बदलली की पुढे मुंबई. हा झाला वाद्याच्या प्रवासाचा पहिला रस्ता. दुसरा सिकंदराबादच्या छावणीकडून आणि लालागुड्याच्या रेल्वे वसाहतीकडून येतो. तिथल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांत पियानो, व्हायोलिन, गिटार घरोघरी असे. स्वातंत्र्यानंतर ही कुटुंबे इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली, तसे त्यांचे सामानसुमान शहरात विखुरले. तिसरा रस्ता रेल्वे पार्सलने थेट कलकत्त्याहून. आणि चौथा, कोणत्याच कागदावर न सापडणारा, जुन्या हैदराबादच्या जुमेरात बाजारातून. तिथे गुरुवारी मोडक्या घड्याळांच्या शेजारी काहीही विकायला असू शकते.

या चारपैकी खरा रस्ता कोणता, हे ठरवायचे तर आधी बेस गिटार स्वतः कुठून आली ते पाहावे लागते. ती गोष्ट अमेरिकेच्या वायव्य टोकाला, सिॲटल शहरात सुरू होते.

पॉल टटमार्क हा तिथला संगीतशिक्षक. तो शिकवायचा हवाईयन गिटार, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजवायची. बँडमधल्या डबल बास वाजवणाऱ्याची त्याला दया येई, असे सांगतात. माणसापेक्षा उंच ते वाद्य मोटारीत ठेवले की बाकीच्यांना बसायला जागा उरत नसे. टटमार्कने १९३६च्या सुमारास लाकडाचा एक भरीव तुकडा घेतला, त्यावर पडदे बसवले, चार तारा ओढल्या, खाली तारांची कंपने टिपणारे विजेचे पिकअप लावले आणि ते वाद्य गिटारसारखे आडवे धरता येईल असे केले. ‘ऑडिओव्हॉक्स ७३६’ हे त्याचे नाव. सुमारे शंभर नग बनले असावेत, लोकांनी फारशी दखल घेतली नाही आणि वाद्य विस्मरणात गेले. पुढे २०१८ मध्ये त्यातला एक नग इंटरनेटवरच्या लिलावात सुमारे २४ हजार डॉलरला गेला, तेव्हा जगाला टटमार्कचे नाव नव्याने कळले. तोवर शोधाचे श्रेय दुसऱ्याच्या नावावर पक्के झाले होते.

गंमत म्हणजे हिंदुस्थानातही विजेची गिटार प्रथम आडवीच आली. हवाईतील ताऊ मो यांचे कुटुंब १९४०च्या दशकात कित्येक वर्षे कलकत्त्यात राहिले. त्यांच्या कार्यक्रमांमुळे आणि शिकवणुकीमुळे हवाईयन गिटारचे वेड बंगालमध्ये घट्ट रुजले. मींड, गमक, श्रुती हे सगळे कांडीवर निघते म्हटल्यावर आपल्या कानांना ते वाद्य परके वाटलेच नाही. लखनौच्या व्हॅन शिप्ली यांनी तर स्वतःच्या कल्पनेने आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार तयार करून घेतली आणि सिनेमाच्या गाण्यांच्या धुना त्यावर वाजवून घराघरांत पोहोचवल्या. उभी धरायची, छेडायची इलेक्ट्रिक गिटार नंतर आली आणि तिची जाड आवाजाची बहीण त्याहून उशिरा. म्हणजे पिकअप गुंडाळणारे, वाल्व्हचा अँप्लिफायर जुळवणारे हात आपल्याकडे बेस गिटार यायच्या आधीपासून तयार होते. पुढे जे घडले त्यात या हातांचा वाटा मोठा आहे.

डबल बासच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सेकंदाला ४१ कंपनांच्या आसपास असतो. टटमार्कच्या शोधाचे श्रेय ज्याच्या नावावर गेले त्या कॅलिफोर्नियाच्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये जी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली, तिच्या चारही तारा त्याच स्वरांत लावलेल्या होत्या. फरक इतकाच, की मानेवर पडदे होते. डबल बासला पडदे नसतात, बोट केसभर सरकले तरी स्वर बेसूर होतो. पडद्यांमुळे स्वर अचूक लागू लागला म्हणून नाव ‘प्रिसिजन’. फेंडर स्वतः रेडिओ दुरुस्त करणारा माणूस, त्याला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे त्याने वाद्याकडे यंत्र म्हणून पाहिले. मान धडाला डिंकाने चिकटवण्याऐवजी चार स्क्रूंनी जोडली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. किंमत होती १९९ डॉलर ५० सेंट.

युरोपात मात्र जुन्या व्हायोलिनकारांची परंपरा आडवी आली, आणि तिनेही आपला रस्ता काढला. बोहेमियातील शोनबाख गावात कार्ल हॉफनरने १८८७ मध्ये व्हायोलिनचा कारखाना काढला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन भाषकांना हाकलून देण्यात आले. शेकडो वाद्यकारागीर पोटापाण्याची अवजारे घेऊन बव्हेरियातील बुबेनरॉइट या खेड्यात येऊन वसले. निर्वासितांच्या त्या गावातून १९५६ मध्ये हॉफनरची ५००/१ ही बेस बाहेर पडली. आकार हुबेहूब व्हायोलिनचा, आतून पोकळ, वजनाने हलकी. हॅम्बुर्गमध्ये १९६१ साली पॉल मॅकार्टनी नावाच्या तरुणाने ती साधारण ३० पौंडांना घेतली. फेंडर त्याला परवडत नव्हती. शिवाय तो डावखुरा. व्हायोलिनच्या आकाराला डावे-उजवे नसल्याने उलटी धरली तरी वाईट दिसत नव्हती. खिशातले पैसे आणि डावा हात या दोन गोष्टींनी त्या काळातल्या सर्वांत ओळखीच्या बेस गिटारची निवड केली. बीटल्स गाजले आणि जगभरच्या पोरांना तीच हवी झाली. त्यात मुंबई, कलकत्ता, मद्रास, बंगळूरची पोरेही होती.

पण त्यांच्या आणि त्या वाद्याच्या मध्ये मुंबई बंदराचे कस्टम्स उभे होते.

परकीय चलनाचा साठा १९५७ नंतर इतका आटला की आयातीचा प्रत्येक परवाना तोलूनमापून दिला जाऊ लागला. खतांना, यंत्रांना, धान्याला डॉलर पुरत नव्हते, तिथे गिटारला कोण विचारतो? त्यात ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एका रात्रीत साडेसात रुपयांवर गेला. फेंडर बेसची १९५१ची मूळ किंमत धरली तरी जी वस्तू साडेनऊशे रुपयांची होती ती दीड हजाराची झाली. वर जकात, वाहतूक वेगळी. त्या वर्षी दहा ग्रॅम सोने शंभर रुपयांच्या आत मिळत होते. म्हणजे नुसत्या बेसच्या पैशात दीडशे ग्रॅमहून अधिक सोने आले असते. मध्यमवर्गीय घरात हा हिशेब मांडला गेला असता तर पुढे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

तरीही काही वाद्ये आली. गोव्याचे तारवटी, म्हणजे जहाजांवर काम करणारे खलाशी, बंदरा-बंदरांतून वस्तू आणत. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात गोव्याच्या गावागावांचे ‘कूड’ होते. त्यात खलाशी, आचारी आणि वादक एकाच खोलीत ट्रंका लावून राहत. तिथल्याच जेर महाल इमारतीत फुर्तादोंचे वाद्यांचे दुकान. ही पेढी १८६५ पासूनची. खलाशाने आणलेली गिटार कूडात एका हातातून दुसऱ्या हातात जायची आणि वादक गावी परतला की तिसऱ्याच्या. अशा वाद्याला ना बिल, ना परवाना. त्याचा वंश विचारायचा तर माणसांनाच विचारावा लागतो.

ज्यांना हेही जमले नाही त्यांनी वाद्य इथेच घडवून घेतले. असे आपल्याकडे प्रथमच झाले अशातला भाग नाही. पेटीचे उदाहरण सगळ्यांसमोर आहे. फ्रान्स-जर्मनीतून येणाऱ्या पेटीच्या पत्त्या, म्हणजे रीड, दुसऱ्या महायुद्धात बंद झाल्या, तेव्हा सौराष्ट्रातल्या पालिताण्यात पत्त्या बनू लागल्या. मुंबईत १९२५ मध्ये सुरू झालेल्या हरिभाऊ विश्वनाथ यांच्या पेढीसारख्या मराठी कारखानदारांनी पेटीला इतके आपले करून टाकले की तिचे परदेशी मूळ आज कुणाच्या लक्षातही येत नाही. गिटारच्या बाबतीत हे काम मुख्यतः कलकत्त्याने केले. लालबाजार आणि रवींद्र सरणीच्या वाद्यपेठेमागे सतारी, सरोद, व्हायोलिन घडवणाऱ्यांची वस्ती होतीच. तिथून देशभर गिटारी जाऊ लागल्या. त्यांची नावे ऐकली तरी बाजाराची नस कळते: गिव्हसन, गिबटोन, हॉबनर. अमेरिकेचे गिब्सन आणि जर्मनीचे हॉफनर कानाशी येऊन थबकतात. लांबून पाहणाऱ्याने काय समजायचे ते समजावे! पण नावावरून नाक मुरडणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की या देशातल्या दोन-तीन पिढ्यांची बोटे याच गिटारींवर सोलवटून निघाली आणि तयार झाली. साध्या गिटारीबरोबर इलेक्ट्रिक आणि बेसही या कारखान्यांतून बाहेर पडल्या.

बँडवाल्या पोरांनी त्याच्याही पुढची मजल मारली. ओळखीच्या सुताराकडून धड कापून घ्यायचे, रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून पिकअप गुंडाळून घ्यायचे, अँप्लिफायर तर घरचाच. सिमला सिगारेटच्या जाहिरातीसाठी १९७० आणि १९७१ मध्ये देशभरच्या ‘बीट’ गटांची स्पर्धा झाली, दोन्ही वर्षी निवडक गाण्यांच्या लाँग प्ले तबकड्या निघाल्या. मद्रास, बंगळूर, कलकत्ता, अहमदाबाद, शिलाँगचे गट त्यांत आहेत. आज परदेशी संग्राहक त्या तबकड्यांसाठी चांगले पैसे मोजतात. आवाज खरबरीत आहे, बेस कुठे फुगते तर कुठे बुडते. त्याचे एक कारण वादकांच्या हातात काय होते, हे आहे. तारांची टंचाई तर कायमची. जाड तारेच्या वेटोळ्यांत घाम आणि मळ साचला की तिचा आवाज मरतो. परदेशात लोक तार बदलतात. इथे ती काढून पातेल्यात उकळायची, पुसायची, वाळवायची आणि पुन्हा चढवायची. आठवडाभर ती नव्यासारखी वाजे, मग पुन्हा चुलीवर.

तर मग अंबरपेठेतल्या माळ्यावरच्या त्या कल्पित बेसचे कूळ कसे ठरवायचे?

डोक्यावरचे नाव बाजूला ठेवून आधी तारा सैल करायच्या आणि मान धडापासून सोडवायची. चार स्क्रू असतील तर रचना फेंडरच्या घराण्यातली. मानेच्या टाचेवर पेन्सिलीने लिहिलेली किंवा रबरी शिक्क्याने मारलेली तारीख असू शकते. स्क्रूंची डोकी पाहावीत. अमेरिकन वाद्यात ती फुलीची असतात. सरळ खाचेचे, पितळी, दाराच्या बिजागरीला शोभतील असे स्क्रू निघाले तर ते दुरुस्तीचे तरी किंवा देशी सुताराचे तरी. मग आवाजाची बटणे. त्याखालच्या गोल पॉटच्या पाठीवर आकडे ठोकलेले असतात. समजा १३७६६३२ असा आकडा दिसला, तर पहिले तीन अंक बनवणाऱ्या कंपनीचे, १३७ म्हणजे अमेरिकेची सीटीएस. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. १९६६चा बत्तिसावा आठवडा. वाद्य त्याआधीचे असू शकत नाही, अर्थात पॉट मागाहून बदललेला नसेल तर. तो बदलला आहे की नाही, हे तारा जोडणारा सोल्डरचा डाग सांगतो. कारखान्यातला डाग छोटा, चकचकीत. वस्तीतल्या रेडिओवाल्याचा मोठा, राखाडी आणि शेजारी जळलेल्या रोझिनचा तपकिरी ओघळ. पिकअपचे झाकण उघडून तांब्याची तार पाहिली तर यंत्राने गुंडाळलेली समांतर बसते, हाताने गुंडाळलेली तिरकी-वाकडी. जाणकार याच गोंधळावरून कारागीर ओळखतात.

लाकडाचा पुरावा मात्र हमखास चकवतो. सागाचे किंवा तुणीचे धड निघाले की वाद्य देशी, असे म्हणता येते. पण बोटांखालची काळपट पट्टी शिसवीची निघाली तर? शिसव आपल्या सह्याद्रीतली, तेव्हा गिटारही इथलीच, असा निष्कर्ष काढायची घाई करू नये. परदेशी गिटारकारांची पसंती आधी ब्राझीलच्या शिसवीला होती. ते लाकूड १९६०च्या दशकात दुर्मीळ होत गेले, ब्राझीलने ओंडक्यांची निर्यात रोखली आणि अमेरिकेतल्या मार्टिनसारख्या नावाजलेल्या कंपनीने १९६९ मध्ये हिंदुस्थानी शिसवी वापरायला घेतली. फेंडरही त्याच वाटेने गेली. म्हणजे ज्या काळात अमेरिकन गिटारला आपण बंदरातून आत येऊ देत नव्हतो, त्याच काळात आपल्या जंगलातली शिसव तिच्या मानेवर बसायला बंदरातून बाहेर जात होती. अस्सल परदेशी बेसवर बोट ठेवले तर बोटाखाली दांडेली-कारवारचा घाट असण्याची शक्यता चांगलीच आहे.

वाद्याचे हे असे. वादकाचे तर त्याहून कठीण.

हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात १९५०-६०च्या दशकांत खालचा सूर सांभाळायचा तो डबल बास. बहुतेक वादक गोव्याचे. चर्चच्या शाळेत सोल्फा शिकलेले, हॉटेलांत जाझ वाजवलेले आणि स्टुडिओत नोटेशन एका नजरेत वाचणारे. आपल्या संगीतात खर्ज तंबोऱ्याच्या जाड तारेने आणि डग्ग्याच्या घुमाऱ्याने भागत आलेला. स्वरांच्या पायऱ्या चढत-उतरत चालणारा स्वतंत्र मंद्र आवाज ही अरेंजरांची देणगी. गंमत अशी की घरच्या रेडिओच्या छोट्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा आवाज बाहेरच पडत नाही. वरचे उपस्वर ऐकून मेंदू तो खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. लोकांनी बिनाका गीतमालेत जो बेस ऐकला, त्यातला निम्मा त्यांनी स्वतःच्या डोक्यात वाजवला, असे म्हटले तरी चालेल.

या गोष्टीचा एक धागा हैदराबादेत परत येतो. शंकर-जयकिशनमधले शंकर सिंग रघुवंशी हैदराबादचे. तबल्यावर हात बसलेला, नृत्याच्या कंपनीतून पृथ्वी थिएटर्समध्ये आणि तिथून १९४९च्या ‘बरसात’मध्ये. त्यांच्या भल्यामोठ्या वाद्यवृंदात डझनांनी वादक बसत, पण तबकडीच्या वेष्टनावर नावे फक्त संगीतकार, गीतकार आणि गायकांची. अपवाद १९६८चा. ‘रागा जाझ स्टाइल’ ही त्यांची अकरा रागांवरची बिनगाण्यांची तबकडी. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रंपेटवर जॉन परेरा, ड्रम्सवर लेस्ली गोदिन्हो, इलेक्ट्रिक गिटारवर ॲनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, आणि बेसवर एडी ट्रॅव्हास. गायकच नसल्याने वादकांची नावे छापणे भाग पडले असावे! कारण काहीही असो, एका बेसवादकाचे नाव त्यामुळे कागदावर राहिले. सिनेमाच्या शेकडो गाण्यांत कोण वाजवत होते, हे नंतर वादकांना गाठून, त्यांच्या आठवणी टिपून गोळा करावे लागले. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाचे २००८चे ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक बरेचसे अशाच मुलाखतींवर उभे आहे. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये मुंबईच्या जाझचा इतिहास लिहिला, त्यातही अनेक हरवलेली नावे परत आली. पुण्यातल्या ‘पंचममॅजिक’सारख्या रसिकमंडळींनी राहुल देव बर्मन यांच्या वादकांना मंचावर बोलावून त्यांच्याच तोंडून किस्से वदवून घेतले. संगीताच्या इतिहासाचे हे काम विद्यापीठांनी करायला हवे होते, केले रसिकांनी.

बर्मन यांच्याकडे टोनी वाझ बेस गिटार वाजवत. सत्तरच्या दशकात खालचा सूर मागून पुढे आला, त्यात या हातांचा मोठा भाग आहे. गाणे ठेक्याने सुरू व्हावे, त्यावर आधी बेसची ओळ यावी आणि मग गायिका, हे तोवरच्या सिनेसंगीतात क्वचितच घडले होते. बेस आता नायिकेच्या आधी प्रवेश करू लागली.

आणि मुंबईच्या बेसवादकांतला सर्वांत चमत्कारिक वारसा चरणजित सिंग यांचा. बेस गिटार, हवाईयन गिटार, ट्रान्झिकॉर्ड, जे हाती येईल ते ते वाजवत. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी सिंगापूरहून एक चंदेरी प्लास्टिकची पेटी आणली: रोलँड टीबी-३०३. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बेस. जपानच्या तादाओ किकुमोतो यांनी ती बनवली होती ती एकट्या गिटारवादकाला सरावाच्या वेळी बेसची साथ मिळावी म्हणून. तार नाही, मान नाही, हातभर लांबीही नाही. बेस गिटारशी तिचा आवाज काही केल्या जुळेना. तीन वर्षांत सुमारे दहा हजार नग विकून कंपनीने १९८४ मध्ये उत्पादन थांबवले. सिंग यांनी तिला ढोलाच्या यंत्राची आणि सिंथेसायझरची जोड दिली आणि १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी भैरव, ललित, मालकौंससारखे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी खपली नाही. पाच वर्षांनी शिकागोच्या पोरांनी तेच यंत्र मोडीच्या भावात घेतले, त्याची बटणे वेडीवाकडी फिरवली आणि ‘ॲसिड हाऊस’ नावाचे नवे नृत्यसंगीत जन्माला घातले. एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत ती जुनी तबकडी मिळाली. वर्ष पाहून त्याचा विश्वास बसेना. त्याने मुंबईत सिंग यांना गाठले, २०१० मध्ये तबकडी पुन्हा काढली, आणि सत्तरी गाठलेले चरणजित सिंग युरोपच्या मंचांवर तीच यंत्रे मांडून वाजवू लागले. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. शिकागोच्या पोरांनी त्यांची तबकडी ऐकली असेल, याचा कुठलाही पुरावा नाही. ‘ॲसिड हाऊसचा जन्म मुंबईत’ अशा मथळ्यांनी जी हौस भागवली जाते, ती गिटारच्या डोक्यावर परदेशी नाव लिहिण्याच्याच जातीची. ज्याने जे केले ते त्याच्या जागी पुरेसे मोठे आहे.

मॅकार्टनीची १९६१ची हॉफनर १९७२च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये एका व्हॅनमधून चोरीला गेली. पन्नास वर्षांनी तिच्या शोधाची जाहीर मोहीम निघाली, तेव्हा जुन्या चोरीची माहिती देणारे लोक पुढे आले आणि ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका घरात, माळ्यावर सापडली. मूळ पेटीतच होती, दुरुस्तीची गरज होती. हॉफनर कंपनीने खात्री केली, फेब्रुवारी २०२४ मध्ये बातमी जाहीर झाली. खात्री करता आली कारण त्या वाद्याची छायाचित्रे असंख्य होती. १९६४ मध्ये रंग बदलला, पिकअपची चौकट बदलली, हे सगळे चित्रांत टिपलेले होते.

हैदराबाद-सिकंदराबादच्या एखाद्या बेसचा शोध घ्यायचा तर याच बाजूने जावे. वाद्यापेक्षा फोटो आधी शोधावेत: लालागुड्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधला नाच, कॉलेजचे स्नेहसंमेलन, कुणाच्या लग्नाचे रिसेप्शन. मागच्या रांगेत, ड्रम्सच्या उजव्या हाताला, इतरांपेक्षा लांब मानेची गिटार घेतलेला एक जण असतो. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का असतो, कधी साल असते. धडाचा आकार, डोक्याचा कोन, खुंट्या एका बाजूला चार की दोन्हीकडे दोन-दोन, एवढे त्यात दिसले तरी निम्मे काम होते. उरलेले निम्मे, म्हणजे त्या माणसाचे नाव, फोटोतल्या इतरांपैकी जो कोणी हयात असेल त्याच्याकडून तातडीने विचारून घ्यावे, आणि ते बॉलपेनने जोर न देता मऊ पेन्सिलीने फोटोच्या पाठीवर लिहावे.